येथे उत्तम वाक्य येईल

१ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

नवी वही, नवं पेन. आजपासून मी लेखक.

काल प्रकाशकांचा फोन आला. मी त्यांना मनातल्या मनात घाईसाहेब म्हणतो, कारण ते ‘हॅलो’च्या आधी ‘कधी देताय’ विचारतात. इंग्रजी फ्रेझल व्हर्ब्जची मालिका काढताहेत, एका अक्षराला एक पुस्तिका. ‘सी’ माझ्याकडे. एकूण ११८ क्रियापदं. अर्थ ऑफिसच्या यादीत तयार आहेत. प्रत्येकाखाली तीन उदाहरणं मी द्यायची, मराठी भाषांतरासकट. मुदत १५ नोव्हेंबर. कव्हरवर माझं नाव.

११८ त्रिक ३५४ वाक्यं. दिवस सेहेचाळीस. रोज आठ. हसूच आलं. एकोणीस वर्षं क्लासमध्ये इंग्रजी शिकवलंय, आठ वाक्यं तर माझी खोकता खोकता निघायची. मार्चमध्ये क्लासवाल्यांनी माझी सगळी लेक्चर्स रेकॉर्ड केली आणि एप्रिलमध्ये मला घरी बसवलं. आता मी तिथे चारही शाखांत एकाच वेळी शिकवतो, पडद्यावर, आणि मला त्याचा पत्ताही नसतो.

निश्चय: रोज सकाळी सात ते दहा लेखन. फोन बंद. चहा एकदाच.

१ ऑक्टोबर, सकाळी ९.५०

टेबल खिडकीजवळ हलवलं. उजेड डोळ्यांवर येतो. परत हलवलं. आज एवढंच, पण पाया महत्त्वाचा.

२ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं. बाबा एकतीस वर्षं छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी लावायचे. लोकांची पुस्तकं, लोकांच्या पत्रिका, लोकांची नावं. आमचं आडनाव त्यांनी एकदाच लावलं, माझ्या आईच्या निधनाच्या बातमीत.

त्यांनी विचारलं, नाव किती पॉइंटात असेल? म्हटलं, ठळक असेल. म्हणाले, ठळक म्हणजे काही माप नव्हे.

मग एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. मागच्या आठवड्यात ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. उजवा डोळा गेलेलाच आहे. डाव्याचा पडदा झिजतोय, भिंगाने वाचण्यापुरती नजर फार तर चार-पाच महिने. बाबांनी त्याच दिवशी पेपर बंद केला. का, तर मालिकेचं मी आधीच घरात बोललो होतो. म्हणाले, उरलेला डोळा तुझ्या पुस्तकासाठी राखून ठेवलाय, पेपरात कशाला घालवू?

अशा माणसासाठी लिहायचं तर प्रत्येक वाक्य मोत्यासारखं हवं. आज लिहिलं नाही. अशा मनःस्थितीत लिहिलेलं टिकत नाही.

३ ऑक्टोबर

यादी पूर्ण वाचली. एकतिसाव्या क्रमांकावर घोडं अडलं: चर्न आउट. ऑफिसने अर्थ दिलाय, ‘मोठ्या संख्येने उत्पादन करणे’. हा काय अर्थ झाला? त्यातली नापसंती कुठे गेली? चर्न आउट म्हणजे भराभर, यंत्रासारखं, दर्जाची पर्वा न करता माल बाहेर काढत राहणं. चांगल्या सुताराने वर्षात दोन खुर्च्या केल्या तर त्याला चर्न आउट म्हणत नाहीत. रोज दोन हजार निघाल्या आणि कुठल्याच खुर्चीवर नीट बूड टेकवता आलं नाही, तर म्हणतात.

हा शब्द माझ्याशीच बोलतोय असं वाटलं. क्लासने माझं तेच तर केलं.

ठरवलं: सुरुवात ‘कॉल बॅक’पासून नाही, इथून. हे एक जमलं की बाकीची ११७ हातासरशी.

६ ऑक्टोबर

चर्न आउट. मराठी प्रतिशब्द शोधतोय. ‘पाट्या टाकणे’ जवळचा आहे, पण त्यात आळस आहे, इथे तर उत्साह आहे. ‘रतीब घालणे’ बरा आहे, पण रतीब चांगल्या दुधाचाही असतो.

जेवताना बाबांना विचारलं. घास तोंडात असतानाच म्हणाले, छापत सुटणे. जसं, निवडणूक आली की आमचा मालक पत्रकं छापत सुटायचा, शाई वाळायच्या आत दुसरा गठ्ठा.

म्हटलं, बघतो. इतक्या झटकन सुचलेलं सहसा खोल नसतं.

९ ऑक्टोबर

आज एक गैरसमज झाला. ही घरी शाळेच्या गणवेशांच्या कॉलर शिवते. वर्कशॉपमधून कापडाचा गठ्ठा येतो, रोज साठ कॉलर तयार करून परत जातात. मी शास्त्रीय कुतूहलाने म्हणालो की तुझं काम हे चर्न आउटचं उत्तम उदाहरण आहे. तिने अर्थ विचारला. मी सांगितला, नापसंतीसकट.

मशीन थांबली. तिने एक कॉलर उचलून माझ्या गळ्याला लावली आणि म्हणाली, टोचते का? नाही टोचत. म्हणाली, टोचली असती तर मुलाने दिवसभर मान खाजवली असती आणि वर्कशॉपने गठ्ठा परत पाठवला असता. साठच्या साठ अशाच असतात. तुमची किती झाली?

मी म्हणालो, संख्या हा मुद्दाच नाही. संध्याकाळपर्यंत ती बोलली नाही. मलाही शांतता हवीच होती.

१० ऑक्टोबर

‘छापत सुटणे’ घेतला. पर्याय तपासून, विचारपूर्वक.

१४ ऑक्टोबर, दुपारी १२

घाईसाहेबांचं ऑफिस म्हणजे एक चक्रमपणा आहे. लेखन त्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायचं. प्रत्येक क्रियापदाखाली तीन चौकटी. एकही चौकट रिकामी असली की पान लाल होतं आणि सेव्ह होत नाही. म्हणजे चर्न आउटचं माझं अर्धं काम वाचवायचं तर आधी बाकीच्या ३५१ चौकटी भरा!

त्यावर तोड काढली. पहिल्या चौकटीत लिहिलं, ‘येथे उत्तम वाक्य येईल.’ ते उचललं आणि खाली चिकटवत गेलो. सगळीकडे. वीस मिनिटांत पान हिरवंगार. पहिल्यांदाच काम पुढे सरकल्यासारखं वाटलं.

मुद्दाम ‘उत्तम’ लिहिलं. नुसतं ‘वाक्य येईल’ लिहिलं असतं तर उद्या मीच कुठलंतरी बसवून मोकळा झालो असतो.

२० ऑक्टोबर

‘बी’ अक्षर एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. बीवाल्या बाई. घाईसाहेब म्हणाले, त्यांचं सतरा दिवसांत झालं, आता त्या ‘ई’ करताहेत. नमुना म्हणून त्यांची पानं मला पाठवली. ब्रेक डाउनखाली पहिलं वाक्य: बस घाटात बंद पडली. दुसरं: फ्रिज बंद पडला. तिसरं: बातमी ऐकून आजीला रडू कोसळलं.

काय हे? छापत सुटणे याहून वेगळं काय असतं? हिला वाचून दाखवलं, बाबाही ऐकत होते. ती म्हणाली, कळलं की लगेच. मी म्हणालो, लगेच कळतं हाच तर दोष आहे. तिने दोरा दातांनी तोडला.

२८ ऑक्टोबर

चर्न आउटचं पहिलं वाक्य पूर्ण! द फॅक्टरी चर्न्स आउट टू थाउजंड चेअर्स अ डे, अँड नो वन हॅज एव्हर सॅट वेल इन वन. कारखाना रोज दोन हजार खुर्च्या बाहेर काढतो, आणि त्यातल्या एकीतही कुणी कधी सुखाने बसलेलं नाही. यात लय आहे, टीका आहे, थोडं दुःखही आहे.

आनंदाच्या भरात प्रस्तावनाही सुरू केली. प्रस्तावना कराराबाहेरची, पण पुस्तकाला चेहरा लागतो. ‘आजच्या घाऊक उत्पादनाच्या काळात या पुस्तिकेतलं प्रत्येक वाक्य हाताने घडवलेलं आहे.’ डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनी विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, प्रस्तावना चालू आहे. म्हणाले, म्हणजे मजकूर संपला. आमच्याकडे प्रस्तावना शेवटी यायची.

मी मान डोलावली. माणसाचा आनंद का हिरावून घ्या?

५ नोव्हेंबर

प्रस्तावना, सातवा खर्डा. चर्न आउटची तीनही वाक्यं तयार. दुसऱ्यात ‘सतत’ की ‘अव्याहत’, एवढंच बाकी.

नवा हिशेब: ३५१ वाक्यं, दहा दिवस. रोज पस्तीस. अवघड नाही. माणूस दबावाखाली उमलतो.

६ नोव्हेंबर

आज डोकं दुखत होतं. उद्या सत्तर.

७ नोव्हेंबर

‘अव्याहत’.

१२ नोव्हेंबर

बाबा बाल्कनीत डावा डोळा मिटून बसतात. विचारलं, झोप येते का? म्हणाले, नाही, वापर कमी करतोय. काल हिने त्यांना औषधाच्या बाटलीवरची तारीख विचारली, तर म्हणाले, ती तूच वाच, मी हल्ली बारीक अक्षर घेत नाही.

मला स्वतःची लाज वाटली. फॉर्म उघडून ‘कॉल बॅक’ समोर घेतलं. मी तुला नंतर फोन करतो. हे कुणीही लिहील. बीवाल्या बाईसुद्धा लिहितील. दोन तास बसलो. शेवटी चौकटीतलं आधीचं होतं तेच ठेवलं.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०

घाईसाहेबांचे चार फोन. पाचवा उचलला. म्हणाले, कव्हर करायला घेतोय, फाइल आली नाही तर तुमच्या नावाऐवजी ‘संपादक मंडळ’ टाकावं लागेल.

बाबांनी डोळा ‘संपादक मंडळ’ वाचायला राखून ठेवलाय का? मार्ग काढला. फॉर्म आहे तसा पाठवला, फक्त प्रगती दाखवायला. सोबत प्रस्तावना जोडली आणि लिहिलं की अंतिम प्रत लवकरच. पान हिरवं असल्याने झटकन गेला.

त्यांचं उत्तर एका मिनिटात आलं. अंगठा वर.

वेळ मारून नेली असं कुणी म्हणेल. मी त्याला नियोजन म्हणतो.

१७ नोव्हेंबर

मोकळं वाटतंय. डोक्यावरचं ओझं उतरलं की सुचायला लागतं असं म्हणतात. सुचण्याची वाट बघतोय.

२९ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

प्रूफं आली! कुरिअरवाला दारात उभा, सही घेऊन लगेच परत न्यायची म्हणाला. मी कव्हर पाहिलं. माझं नाव. चोवीस पॉइंट तरी असेल. आडनावातलं दीर्घ दीर्घच आहे. दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा पट्टीने मोजलं. नाव मधोमध नाही, दोन मिलिमीटर डावीकडे सरकलंय. तशी खूण केली. मग पान ३४ उघडून चर्न आउट वाचलं. निर्दोष. प्रस्तावना वाचली, पुन्हा डोळ्यांत पाणी.

कुरिअरवाला म्हणाला, साहेब, खाली गाडी उभी आहे. सोबत चिठ्ठी होती: ‘संपूर्ण मजकूर वाचला, छपाईस योग्य आहे.’ आतला मजकूर तर बदलणारच आहे, तेव्हा ही सही कव्हरपुरतीच, असा अर्थ मी घेतला आणि केली.

बाबांना सांगितलं, प्रूफं डोळ्यांत तेल घालून पाहिली. म्हणाले, लेखकाने स्वतःचं प्रूफ कधी पाहू नये, त्याला जे नसतं तेही दिसतं. जुन्या काळचा माणूस.

८ डिसेंबर

सोमवारपासून अंतिम प्रत. सोमवारी चांगली सुरुवात होते.

११ डिसेंबर

सोमवार. बाथरूमचा नळ गळत होता. लेखकालाही घर असतं.

१८ डिसेंबर, सकाळी १०

पार्सल आलं. लेखकाच्या दहा प्रती.

मी म्हणालो, या नमुन्याच्या असतील. कुरिअरवाल्याने कागद दाखवला: चार हजार प्रती छापल्या, तीन हजार दुकानांत रवाना.

पान ५. कॉल बॅक. अर्थ: परत फोन करणे. १. येथे उत्तम वाक्य येईल. २. येथे उत्तम वाक्य येईल. ३. येथे उत्तम वाक्य येईल.

पान ६. पान ७. पान ८. त्यांच्या लेआउटवाल्याने वाक्यांना सुबक निळ्या टिंबांच्या चौकटी काढल्यात.

नाव मात्र मधोमध आलंय.

१८ डिसेंबर, सकाळी ११.१५

३५१ गुणिले चार हजार. चौदा लाख चार हजार वेळा. आयुष्यात मी एवढं कधी काहीच केलेलं नाही.

हिने एक प्रत चाळली. मग पार्सलची दोरी नीट गुंडाळून ठेवली.

बाबा आतून ओरडले, कागदाचा वास येतोय, आलं का?

१८ डिसेंबर, दुपारी १

बाबांनी कव्हरवरून अंगठा फिरवला. मग भिंगाखाली धरून नाव वाचलं. एकदा. पुन्हा. म्हणाले, अठरा पॉइंट आहे, चोवीस नव्हे. पण लागलंय छान. पुस्तक छातीवर ठेवून पडून राहिले. उद्यापासून वाचायला घेतो म्हणाले, सकाळच्या उजेडात, रोज चार पानं.

१९ डिसेंबर, सकाळी ८

घाईसाहेबांना फोन. मनात पूर्ण भाषण तयार होतं: चूक माझी, प्रती परत मागवा, मी रात्रंदिवस बसतो. हे सगळं मी खरोखर बोललो. ते म्हणाले, कसली चूक? म्हटलं, आत वाक्यं नाहीत. म्हणाले, तक्रार तर एकही नाही. दुकानदारांनी दुसरी खेप मागितलीय. ‘डी’ घेता का? तुम्ही वेळेत देता.

फोन ठेवला. तीन हजार माणसांनी पुस्तक घेतलं तरी वाचणार कुणीच नाही. वाचणारा एकच, आणि तो माझ्या घरात भिंग पुसतोय.

१९ डिसेंबर, सकाळी ९.१०

भिंग लपवलं. कपाटात, स्वेटरखाली.

१९ डिसेंबर, सकाळी ९.२५

हिने भिंग काढून बाबांना दिलं. मला म्हणाली, निदान ते तरी करू नका.

१९ डिसेंबर, सकाळी ९.४०

युक्ती. बाबांना म्हणालो, डोळा कशाला शिणवता, लेखक स्वतः वाचून दाखवतो. ते खूश. पुस्तक माझ्या हातात घेतलं, तोंड त्यांच्याकडून थोडं वळवलं आणि सुरुवात केली.

कॉल बॅक. मी डॉक्टरांना परत फोन केला, तर ते म्हणाले तुम्ही कोण. कॉल ऑफ. सुनेने भांडण मिटवलं नाही, फक्त उद्यापर्यंत रद्द केलं. बाबा हसले. मी पान उलटलं. कॅरी ऑन. वीज गेली तरी तो अंदाजाने दाढी करत राहिला. कॅच अप. आई पुढे गेली, आम्ही अजून तिला गाठतोय. इथे बाबा हसले नाहीत, म्हणाले, हे चांगलंय.

साडेअकरापर्यंत मी थांबलोच नाही. पंचेचाळीस क्रियापदं. सुचत होतं, धो धो सुचत होतं, नळ सोडल्यासारखं. मध्ये चर्न आउट आलं, ते एकच खरं वाचलं. बाबा म्हणाले, हे जरा जड झालंय, बाकीची मोकळी आहेत.

२१ डिसेंबर

कालही वाचलं, आजही. पुस्तक संपलं. ११८ क्रियापदं, तीन सकाळी. ही मशीनवरून ऐकत होती, आज दोनदा हसली. संपल्यावर माझ्यापुढे चहा ठेवला. न मागता.

वाटलं, मी लेखक आहेच की. पुस्तकातच काय ते नाही.

निश्चय: उद्या बसून सगळी लिहून काढायची. दुसऱ्या आवृत्तीत बदलून घेऊ.

२२ डिसेंबर

थकवा. तीन दिवस सलग बोललो.

२७ डिसेंबर

लिहायला बसलो. कॉल बॅकचं काय होतं? डॉक्टरांचं काहीतरी होतं. तेव्हा जमलं होतं. आता लिहिलं तर तसं वाटत नाही. जसंच्या तसं आठवलं की लिहीन.

३ जानेवारी

डॉक्टरांनी बाबांचा डोळा पुन्हा पाहिला. अंदाजापेक्षा लवकर चाललाय. आता महिना म्हणायचा.

घरी येताच बाबा म्हणाले, ऐकलं ते छान होतं, पण कंपोझिटरला कान नसतात. छापलेलं डोळ्याने पाहतो म्हणजे झालं.

म्हटलं, कशाला, मी परत वाचतो. म्हणाले, तू वाचलंस, आता मी वाचतो. त्यात हट्टाचं काय आहे?

काहीच नाही. हट्ट असता तर मोडता आला असता.

४ जानेवारी, सकाळी ८.३०

बाबा बाल्कनीत. भिंग, पुस्तक, कानावर पेन्सिल. मी दाराआड.

प्रस्तावना वाचली. मान हलवली. पान उलटलं. पान ५.

बराच वेळ पान ५.

मग पान ६. मला वाटलं होतं आता मिटतील. मिटलं नाही. एकतीस वर्षं ज्याने एक ओळ सोडली नाही, तो आता कशी सोडेल? प्रत्येक वाक्य भिंगाखाली, पहिल्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत. येथे. उत्तम. वाक्य. येईल. ओठ हलताना दिसतात.

मी आत जाऊन पलंगावर बसलो. हिने मशीन थांबवली नाही, पण हळू चालवत होती.

७ जानेवारी

बाबा रोज वाचतात. पान ३४ला थोडे थांबले आणि तिथे पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण केली. मग ३५.

किती वेळा वाटलं, पुढे होऊन हातातलं पुस्तक काढून घ्यावं. काय सांगून काढून घेणार? रोज डोळा तेवढा कमी होतोय, आणि तो तेवढा कशावर जातोय हे मला माहीत आहे. इतका नालायक मी आजवर कुणाच्याच बाबतीत ठरलो नव्हतो.

११ जानेवारी, सकाळी १०

संपवलं.

मला हाक मारली. मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण तेच आधी बोलले. छापणाऱ्यांनी तुझी सगळी वाक्यं गाळली, म्हणाले. तीनशे एक्कावन्न. मी मोजली. आमच्या वेळी असं झालं असतं तर मालकाने हाकलून दिलं असतं. एवढ्या वेळा एकच ओळ लावायची तर आम्ही तिचे खिळे न सोडता ती दोऱ्याने बांधूनच ठेवली असती. आणि तू एवढी छान वाचून दाखवलीस. मी माझ्या कानांनी ऐकलीत.

उघडलेलं तोंड मी मिटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या बाजूला पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक आहे की काहीच नाही, हे मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

१२ जानेवारी, सकाळी ९.४५

बाबांनी बाल्कनीत दोन खुर्च्या मांडल्यात. पेन्सिलीला टोक काढलंय. पुस्तक पान ५वर उघडं. म्हणाले, या एका प्रतीत तरी वाक्यं असली पाहिजेत. तू सांग, मी ओळींच्या मधल्या जागेत लावतो. उजेड चांगला आहे, हात अजून बसतो, डोळा आज-उद्या आहे. कॉल बॅक. पहिलं सांग.

मला आठवेना.

म्हटलं, बाबा, नेमकं कसं होतं ते आठवत नाहीये. म्हणाले, मग नवीन सांग. बस घाटात बंद पडली, असलं काहीही चालेल. जागा एका ओळीचीच आहे.

ही मशीन सोडून दारात येऊन उभी राहिली. हातात कॉलर तशीच.

मी म्हणालो, काहीही कसं चालेल, बाबा? तुमच्या हातचं आहे. थोडा विचार करू द्या.

सकाळी १०.३०

बाबा पेन्सिल धरून बसलेत.

सकाळी ११.५०

ही आत गेली. मशीनचा आवाज येतोय. बाबांनी खुर्ची उन्हाबरोबर थोडी सरकवून घेतली. म्हणाले, घाई नाही, पण सांग.

दुपारी १.१०

अजून बसलेत.